डाळ मिलच्या ऑफिसचं मेल हलवलं : १ सप्टेंबर ते २९ नोव्हेंबर २०२५ च्या नोंदी

आधी थोडक्यात सांगतो. लातूरला एमआयडीसीत आमच्या मालकांची तुरीची डाळ मिल आहे आणि मार्केट यार्डात आडत दुकान. दोन्हीकडं मिळून कॉम्प्युटरवर बसणारे १९ जण. मी मुळात अकाउंटचा माणूस, पण प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मलाच हाक मारतात त्यामुळं हे पण माझ्याच गळ्यात पडलं. रोज संध्याकाळी जे झालं ते डायरीत लिहीत गेलो, तेच इथं टाकतोय. तुमच्याकडं पण २०११-१२ साली कुणीतरी वेबसाइट करून देताना सोबत फुकट मेल आयडी काढून दिले असतील आणि तेच अजून चालू असतील, तर कामी येईल. कंपन्यांची नावं लिहिलेली नाहीत, भांडणं नकोत.

१ सप्टेंबर, सोमवार

सकाळी चेन्नईच्या एका जुन्या पार्टीचा फोन, तुमचं बँक खातं बदललं का म्हणून. आम्ही म्हटलं नाही. तर म्हणे तुमचाच मेल आलाय. त्यांनी तो मेल पाठवला तर खरंच आमच्या सेल्सच्या आयडीवरून, बिलाचा नंबर बरोबर, रक्कम बरोबर, ११ लाख ४० हजार, फक्त खातं नंबर आणि आयएफएससी वेगळा. त्या माणसाला मेलची भाषा जरा वेगळी वाटली म्हणून त्यानं फोन केला, नाहीतर पैसे गेलेच होते. लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करून तक्रार नोंदवली. पैसे गेले नव्हते त्यामुळं तिथं फार काही झालं नाही, पण नोंद असावी.

मेलचा हेडर, म्हणजे मेल कुठून कसं आलं त्याची आतली नोंद, उघडून बघितला, मेल आमच्या सर्व्हरवरून आलेलाच नाही, बाहेरच्या कुठल्यातरी मशीनवरून आमचं नाव लावून पाठवलेला. पण मग बिलाचा नंबर त्याला कसा कळला? म्हणजे सेल्सचं मेल कुणीतरी वाचत पण होतं. पासवर्ड बघितला तर ‘तुळजाभवानी१२३’. नंतर चौकशी केली, ऑफिसात ७ जणांचा हाच पासवर्ड. आई भवानीनं किती जणांचं रक्षण करायचं.

मालक म्हणाले, "हे आता नीट करून टाक, दिवाळीच्या आत." मी हो म्हणालो. मला वाटलं १५ दिवसांचं काम.

४ सप्टेंबर, गुरुवार

मोजणी केली. १९ माणसं आणि मेल आयडी निघाले ३१. त्यातले ८ सोडून गेलेल्यांचे, २ कुणाचे तेच माहीत नाही. पासवर्ड एका पुठ्ठ्यावर लिहून डिस्पॅचच्या मॉनिटरच्या मागं चिकटवलेले, ते पण पाणी पडून अर्धे पुसलेले.

सगळ्यात मोठा घोळ सेल्सच्या आयडीचा. तो एकच आयडी ४ कॉम्प्युटरवर आउटलुकमध्ये पीओपी (सर्व्हरवरचं मेल आपल्या कॉम्प्युटरवर ओढून घ्यायची पद्धत) करून टाकलेला, आणि सर्व्हरवर कॉपी ठेवायची टिक दोघांकडं काढलेली. म्हणजे ज्याच्या कॉम्प्युटरनं आधी मेल ओढलं ते मेल त्याचं, बाकीच्यांना पत्ताच नाही. मागच्या वर्षी हैदराबादच्या दोन गाड्यांची ऑर्डर हरवली होती आणि त्यावरून ऑफिसात आठ दिवस अबोला होता, ती ऑर्डर मला आज डिस्पॅचच्या पोराच्या मशीनवर सापडली. न वाचलेली. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मला वाटलं जाहिरात हाय."

६ ते ९ सप्टेंबर

हे चार दिवस वाया गेले, पण लिहितो म्हणजे तुमचे वाया जाणार नाहीत.

मालकांचा भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला ओपन सोर्स आहे की, आपलाच सर्व्हर करू, दर महिन्याला पैसे कशाला भरायचे. मालकांना हे एकदम पटलं. अनंत चतुर्दशीला ऑफिस मोकळंच होतं, गोडाऊनमधला जुना आय-थ्री काढला, ३४०० रुपयाची एसएसडी टाकली, लिनक्स टाकलं, मेल सर्व्हर टाकला. बाहेर ढोल वाजत होते, आम्ही आत. रात्री अकराला ऑफिसमधल्या ऑफिसमध्ये मेल गेलं आलं, आम्ही दोघांनी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी बाहेर मेल पाठवलं तर जाईच ना. कारणं एकेक करत कळली. ब्रॉडबँडवर २५ नंबरचा पोर्ट बाहेर जायला बंद असतो, स्पॅम थांबवायला बऱ्याच ठिकाणी बंदच ठेवतात. आमचा आयपी रोज बदलणारा, आणि असले घरगुती आयपी स्पॅमहाउस या स्पॅमवर नजर ठेवणाऱ्या संस्थेच्या पीबीएल यादीत आधीपासूनच असतात, म्हणजे इथून थेट मेल येणं अपेक्षितच नाही असं मोठे सर्व्हर धरून चालतात. त्यात रिव्हर्स डीएनएस लागतं, म्हणजे आयपीवरून नाव सापडलं पाहिजे, ते इंटरनेटवाल्यानंच लावून द्यायचं असतं. केबलवाल्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, "सर राउटर बंद करून चालू करा."

८ तारखेला दुपारी लाइट गेली ती साडेतीन तासांनी आली. यूपीएस २० मिनिटात झोपला. मालक बघत उभे होते. ते काही बोलले नाहीत, मी पण नाही. भाचा ९ तारखेला पुण्याला परत गेला.

स्वतःचा सर्व्हर वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. डेटा सेंटरमध्ये भाड्यानं मशीन घेऊन, सांभाळायला माणूस ठेवून होतं. पण अकाउंट सांभाळून, जीएसटी भरून, उरलेल्या वेळात एका माणसानं ते करायचं म्हणजे जीवावरचं काम.

११ सप्टेंबर, गुरुवार

दर महिन्याला माणशी पैसे भरायची सर्व्हिस घ्यायची ठरलं. मेल, कॅलेंडर, शेअर फाइल, चॅट सगळं एकात. तिघांचे दर मागवले. आमचं गणित असं केलं : १२ जणांना फायली शेअर करायच्या असतात त्यांना मोठं पॅकेज, महिना २१० रुपये. ७ जण फक्त मेल वाचतात आणि ‘ओके’ लिहितात, त्यांना साधं, महिना ६० रुपये. वर्षाचे ३५,२८०, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ४१,६३०. मालक म्हणाले १९ जणांना सारखंच का नाही. मी हिशोब दाखवला की सगळ्यांना मोठं घेतलं तर जीएसटी धरून जवळजवळ पंधरा हजार जास्त जातात. मग गप्प.

एक सांगतो, विकणाऱ्याला पहिला प्रश्न जागेचा विचारा, माणशी किती जीबी आणि ती जागा सगळ्यांची मिळून धरतात का ज्याची त्याला. मी हा प्रश्न विचारला नाही. पुढं त्याचं काय झालं ते येईलच.

१२ ते २४ सप्टेंबर

या नोंदीचं नाव ‘डोमेन कुणाचं’.

पॅकेज घेतलं, पैसे भरले, आता डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाचं मेल आणि वेबसाइट कुठं आहे ते सांगणाऱ्या यादीत, चार नोंदी बदलायच्या, पाच मिनिटाचं काम. लॉगिन कुणाकडं? वेबसाइट ज्यानं केली त्याच्याकडं. तो कुठाय? पुण्याला, आता धंदा बदलला, फ्लॅट विकतो. फोन लागला, माणूस चांगला, म्हणाला देतो की. पण डोमेन त्याच्या नावावर, त्याच्या जुन्या मेलवर, आणि तो जुना मेल त्याचा त्यालाच उघडत नाही. पासवर्ड बदलायचा ओटीपी त्याच मेलवर जाणार. विहिरीत पडलेल्या बादलीला काढायला तीच बादली.

आणि आता खरी मजा. डोमेनची मुदत बघितली तर ३ ऑक्टोबर २०२५. म्हणजे तीन आठवड्यांनी आमचं डोमेनच संपत होतं आणि त्याच्या रिमाइंडरची मेलं सगळी त्या बंद मेलवर जात होती. आम्ही हे काम काढलंच नसतं तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी १४ वर्षांचा पत्ता गेला असता.

डोमेन विकणाऱ्या कंपनीला लेटरहेडवर पत्र, पॅन, जीएसटी सर्टिफिकेट, त्या पुण्याच्या माणसाचं सहीचं ना-हरकत, सगळं पाठवलं. त्यांचं उत्तर, कागद नीट दिसत नाहीत. परत स्कॅन. मग १७ सप्टेंबर आला, मुक्तिसंग्राम दिन, इथं सुट्टी, कुरिअर ऑफिसात कुणी नाही, मूळ ना-हरकत एक दिवस तिथंच पडून. परत पाठवलं. २४ तारखेला लॉगिन हातात आलं. पहिलं काम म्हणजे पाच वर्षांसाठी रिन्यू करून टाकलं आणि मालकाचं नाव, मालकाचा मोबाइल, आणि मेल मुद्दाम आमच्या डोमेनचं न देता बाहेरचं दिलं. डोमेनच्या चाव्या त्याच डोमेनच्या मेलवर ठेवायच्या नाहीत, हे या १३ दिवसात नीट कळलं.

२६ ते ३० सप्टेंबर

पाऊस. यंदाचा सप्टेंबर कसा गेला ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको, मांजरा-तेरणा भरून वाहत होत्या, सोयाबीन पाण्यात उभं होतं. निम्मे लोक गावाकडं अडकलेले. ऑफिस रिकामं होतं म्हणून मी जुनी मेलं हलवायला घेतली.

ज्यांचं मेल आयमॅपवर होतं, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतं असे ५ जण, त्यांचं आयमॅपसिंक नावाचं टूल वापरून तासाभरात झालं. आधी ड्राय रन करून बघा, नुसतं काय काय हलणार ते दाखवतं. परत चालवलं तरी तेच मेल दोनदा येत नाही, ते प्रत्येक मेलचा मेसेज आयडी बघतं. छान टूल आहे, कमांड लिहिताना मात्र घाबरायला होतं.

बाकी १४ जणांचं पीओपी. म्हणजे सर्व्हरवर काहीच नाही, सगळं ज्याच्या त्याच्या मशीनवर पीएसटी फाइलमध्ये, आउटलुक सगळी मेलं त्या एका फाइलमध्ये ठेवतं. मुनीम काकांची पीएसटी ४७ जीबी. आउटलुकची मर्यादा ५० जीबी, अजून वर्षभरात ती बंदच पडली असती. काका २०१२ पासून एकही मेल डिलीट करत नाहीत, "वही कुणी फाडतं का?"

मी नवीन अकाउंट आउटलुकमध्ये जोडलं, काकांच्या इनबॉक्समधली सगळी मेलं सिलेक्ट केली आणि माउसनं ओढून नवीनमध्ये टाकली. इथं चूक. ओढलं की ती मूव्ह होतात, कॉपी नाही. रात्री दीडला नेट गेलं, कुठंतरी फायबर तुटली. सकाळी बघतो तर २०१६ पर्यंतची मेलं नवीनकडं, २०१७ ची अर्धी इकडं अर्धी तिकडं. नशीब, सुरू करायच्या आधी पीएसटीची एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली होती. ती घेतली नसती तर ही नोंद लिहायला मी नोकरीत नसतो.

परत सुरू केलं, या वेळी कॉपी. पण आधी गेलेली पुसायची विसरलो, त्यामुळं २०१६ पर्यंतचं सगळं डबल. त्यात गणित बघा, ४७ जीबी, अपलोडचा स्पीड कागदावर २० एमबीपीएस, म्हणजे सव्वापाच तास व्हायला पाहिजेत. तीन रात्री लागल्या आणि तिसऱ्या रात्री मेसेज आला, जागा संपली. हाच तो न विचारलेला प्रश्न. माणशी ३० जीबी.

मग सगळं थांबवलं आणि डोकं वापरलं, जे आधी वापरायचं होतं. ठरलं असं की फक्त १ एप्रिल २०२२ पासूनची मेलं नवीनकडं न्यायची, त्याच्या आधीचं सगळं दोन हार्ड डिस्कवर, एक ऑफिसच्या तिजोरीत, एक मालकांच्या घरी. ५८०० ची एक, दोन घेतल्या. काकांना समजावलं की वही फाडलेली नाही, फक्त माळ्यावर ठेवलीय. त्यांनी स्वतः डिस्क लावून २०१३ चं एक मेल उघडून बघितलं, मगच मान हलवली.

जुन्या मेलांत अजून एक निघालं. २०१५ च्या आधीची मराठी पत्रं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, युनिकोड नाही. नवीन ठिकाणी ती उघडली की नुसती चित्रविचित्र अक्षरं. ज्या मशीनवर तो फॉन्ट आहे तिथंच ती वाचता येतात. त्याला काही केलं नाही. तो एक कॉम्प्युटर फॉर्मॅट करायचा नाही अशी चिठ्ठी त्याच्यावर चिकटवली.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज रात्री मेल फिरवायचं. एमएक्स रेकॉर्ड बदलला की जगातलं मेल नवीन पत्त्यावर यायला लागतं. त्याच्या दोन दिवस आधी टीटीएल कमी करायचा असतो, म्हणजे लोकांचे सर्व्हर जुना पत्ता लक्षात ठेवून बसत नाहीत. आमचा टीटीएल १४,४०० सेकंद होता, चार तास. मी तो ३०० केला, पण कधी? आजच संध्याकाळी सातला, कारण दसऱ्याच्या गडबडीत विसरलो. नऊला एमएक्स बदलला. त्यामुळं ज्यांनी सातच्या आधी विचारलं होतं ते रात्री अकरापर्यंत जुन्याच पत्त्यावर टाकत राहिले. शनिवारची रात्र होती म्हणून निभावलं.

५ ऑक्टोबर, रविवार

निभावलं कुठलं. माझ्या घरच्या मेलवरून ६ टेस्ट मेलं पाठवली, नवीनकडं ३ आली. बाकीची ३ जुन्याकडं. कारण मी जुना एमएक्स ‘सेफ्टी म्हणून’ तसाच ठेवला होता, दोघांना प्रायॉरिटी १०. सारखी प्रायॉरिटी म्हटल्यावर पाठवणारा सर्व्हर वाटेल ते दार निवडतो. आणि नंबर वेगळा देऊन ठेवला असता तरी कधी ना कधी मेल तिकडं पडलंच असतं. जुना काढून टाकला, दुपारी एकपासून सगळं नवीनकडं.

६ आणि ७ ऑक्टोबर

सोमवारी सकाळी साडेदहाला मालकांचा फोन, "काय करूलालास रे, मुंबईच्या पार्टीला मेलच जाईना झालंय."

जात होतं, पण स्पॅममध्ये. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं नियम कडक केलेत, मेल पाठवणाऱ्याकडं एसपीएफ (आपल्या नावानं कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) नाहीतर डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) तरी पाहिजेच, आणि दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्याला दोन्ही आणि वर डीमार्क (तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद). आम्ही कुठले ५००० पाठवतोय, पण दोन्ही नीट असलेली बरी.

चूक क्रमांक एक, एसपीएफच्या दोन नोंदी. एक जुन्या होस्टिंगची आधीपासून होती, मी नवीन सर्व्हिसची तिच्या खाली वेगळी टाकली. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते, दोन दिसल्या की समोरचा सर्व्हर चूक समजून दोन्ही सोडून देतो. दोन्ही एकाच ओळीत जोडल्या. त्या ओळीत बाहेरची नावं घालताना पण मोजून, आतल्या आत मिळून १० पेक्षा जास्त डीएनएस चौकश्या व्हायला लागल्या तरी नोंद बाद.

चूक क्रमांक दोन शोधायला अख्खा मंगळवार गेला. डीकेआयएमची चावी २०४८ बिटची, अक्षरं ४०० च्या आसपास. डीएनएसच्या एका ओळीत मजकुराचा एक तुकडा २५५ अक्षरांचाच मावतो. आमच्या पॅनलनं मी पेस्ट केलेलं सगळं मुकाट्यानं घेतलं, ‘सेव्ह झालं’ म्हणून हिरवी पट्टी दाखवली आणि शेवटचा भाग कापून टाकला. मी दिवसभर बाकी सगळं तपासतोय. शेवटी कागदावर प्रिंट काढून पट्टीनं अक्षरं मोजली तेव्हा कळलं. दोन तुकडे करून, दोन्हीला अवतरण चिन्हं लावून टाकली, अर्ध्या तासात पास.

८ तारखेला डीमार्क पण लावला, पण सुरुवातीला ‘काही करू नका, फक्त कळवा’ एवढंच. घाईनं कडक लावला तर आपलीच मेलं बाहेर फेकली जातात.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मालक पेपर घेऊन केबिनमधून बाहेर आले. अमित शहांनी ८ तारखेला आपला मेल झोहोवर नेल्याचं जाहीर केलं, ती बातमी. "आपण पण तेच घ्यायला पायजे होतं का? देशी हाय म्हणं, तमिळनाडूचं." मी म्हटलं मालक, चांगलंच असेल, पण आपल्याला हलवून सहा दिवस झाले, आता पुढच्या वर्षी रिन्यूवलला बघू, माझ्यात परत पीएसटी ओढायची ताकद नाही.

आज सगळ्यांना टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर अजून एक कोड, लावलं. १८ जणांचं झालं. मुनीम काकांचा फोन बटणांचा. "मला तो बोटानं घासायचा फोन नको बाबा." मेसेजनं ओटीपी घेता येतो, पण गोडाऊनच्या आत रेंज नाही आणि काका दिवसातला निम्मा वेळ तिथं. शेवटी १० बॅकअप कोड प्रिंट केले, एक कोड एकदाच चालतो. काकांनी तो कागद चार घड्या घालून रोकडच्या पेटीत, नाण्यांच्या कप्प्याखाली ठेवला. कोड वापरला की लाल पेननं रेघ मारतात, आणि शेजारी तारीख आणि सही. कोडचं असं रेकॉर्ड कुठल्या बँकेत पण नसेल.

पासवर्ड सगळ्यांचे नवीन. दोघांनी परत तुळजाभवानी टाकायचा प्रयत्न केला, फक्त १२३ च्या जागी १२३४. परत बदलायला लावले.

१३ आणि १४ ऑक्टोबर

झेरॉक्स मशीन. स्कॅन करून थेट मेल करायचं बटण आहे, पावत्या आणि काटापट्ट्या सगळं त्याच्यावरून जातं. मेल फिरवल्यापासून ते बंद. मशीन जुनं, त्याला टीएलएसची (मेल कुलूपबंद करून पाठवायच्या पद्धतीची) जुनी व्हर्जनच येते, आणि नवीन सर्व्हिस जुनी व्हर्जन घेत नाही. म्हटलं मेल सोडा, कॉम्प्युटरच्या शेअर फोल्डरमध्ये स्कॅन टाकू. तर मशीनला एसएमबीची (विंडोजमध्ये फोल्डर शेअर करायच्या पद्धतीची) पण पहिलीच व्हर्जन येते आणि नवीन विंडोजमध्ये ती बंद असते. चालू करता येते, पण ती बंद का केली ते वाचल्यावर चालू करायची हिंमत झाली नाही. नवीन मशीनचा दर ७८ हजार, मालकांना विचारलंच नाही.

मग गोडाऊनमधला तो आय-थ्री आठवला. त्याच्यावर लिनक्स होतंच, साधा एफटीपी (फायली पाठवायची जुनी पद्धत) चालू केला, फक्त ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर. मशीन त्याच्यात स्कॅन टाकतं, लोक तिथून उचलतात. भाच्याला फोटो पाठवला, त्यानं हसायचा इमोजी पाठवला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

ही चूक सगळ्यात महाग. वेबसाइटवर चौकशीचा फॉर्म आहे. ५ तारखेपासून एकही चौकशी नाही, मला वाटलं दिवाळीच्या तोंडावर असंच असतं. आज जुन्या होस्टिंगमध्ये सहज डोकावलो तर तिथं ९ चौकश्या.

झालं असं की वेबसाइट अजून जुन्याच होस्टिंगवर आहे. फॉर्मचं मेल तोच सर्व्हर पाठवतो, आणि त्याला वाटतं की या डोमेनचं मेल माझ्याकडंच आहे, म्हणून तो बाहेर एमएक्स विचारायलाच जात नाही, घरातल्या घरात जुन्या डब्यात टाकून देतो. सीपॅनलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या सेटिंगमध्ये, ईमेल राउटिंग म्हणून एक पान आहे, तिथं ‘लोकल’ होतं ते ‘रिमोट’ करायचं. एक क्लिक. ९ जणांना फोन केले, ५ जणांनी दुसरीकडून माल घेतला होता.

तुम्ही मेल हलवलं आणि वेबसाइट जागेवर ठेवली तर एमएक्स बदलला त्याच रात्री हे करा.

२९ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळी झाली. मेल आता सुरळीत आहे. आता म्हटलं बाकीच्या सोयी वापरू.

सेल्सचा आयडी आता सामायिक इनबॉक्स आहे, मेल आलं की कुणीतरी ते स्वतःच्या नावावर घेतो, बाकीच्यांना दिसतं की हे अमक्याकडं आहे. हे एकदम चाललं. एवढ्यासाठी जरी पैसे गेले तरी मला मान्य आहे.

गाड्या भरायचं कॅलेंडर चाललं नाही. मी सगळ्या गाड्या रंग देऊन टाकल्या, हिरवा म्हणजे भरली, पिवळा म्हणजे काट्यावर. बघणार कोण? हमालांचा मुकादम खडूनं फळ्यावर लिहितो आणि ड्रायव्हर पण फळाच बघतो. आठवडाभर मी फळा बघून कॅलेंडर भरत होतो. सोडून दिलं.

आणि भावपत्रक. रोज सकाळी डाळीचे भाव ४३ गिऱ्हाइकांना जातात. आधी पीडीएफ जायची, आता शेअर शीटची लिंक पाठवतो. आज सेल्सच्या पोरानं नावं अकारविल्हे लावायला म्हणून फक्त पहिला कॉलम सॉर्ट केला. भावाचा कॉलम जागेवरच. फटका डाळीसमोर चुनीचा भाव आला आणि चुनीसमोर फटक्याचा. फटका म्हणजे चांगल्यातली तूर डाळ, चुनी म्हणजे जनावराचं खाद्य. सव्वानऊला लिंक गेली आणि नऊ वीसला पहिला फोन, "पाच गाड्या फटका द्या, आजच्याच भावानं."

शीटची जुनी आवृत्ती काढून परत लावली, दोन मिनिटात. लिंक होती म्हणून ज्यांनी नंतर उघडलं त्यांना बरोबर भाव दिसला, पीडीएफ असती तर ४३ जणांना माफीचा मेल लिहावा लागला असता. तिघांनी मात्र स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. त्यातले दोघे हसून सोडून देणारे निघाले, एकाला मालकांनी स्वतः फोन केला, काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. तेव्हापासून भावाचे खाने लॉक आहेत, बदलायचा अधिकार दोघांनाच.

५ नोव्हेंबर, बुधवार

महिनाभर डीमार्कचे रिपोर्ट येतायत, रोज झिप केलेल्या फायली, आत मशीननं वाचायचा मजकूर. एका शीटमध्ये ओतून बघितले. आमच्या नावानं मेल पाठवणारे चार जण निघाले. एक आमची नवीन सर्व्हिस, बरोबर. दुसरी वेबसाइट, बरोबर. तिसरं आडत दुकानातलं टॅलीचं मशीन, ते बिलं अजून जुन्याच होस्टिंगच्या सर्व्हरवरून मेल करत होतं, मी मिलमधल्या टॅलीचं सेटिंग बदललं आणि यार्डातलं विसरलो. चौथा परदेशातला आयपी, आम्हाला त्याची काही माहिती नाही, आणि महिन्यात १६० मेलं त्यानं आमच्या नावानं टाकलेली. चेन्नईचं मेल पण असल्याच कुणाचं असणार.

टॅली सरळ केली, दोन दिवस बघितलं, आणि आज डीमार्क ‘स्पॅममध्ये टाका’ वर नेला. सगळं ठीक राहिलं तर जानेवारीत ‘दारातूनच परत पाठवा’ वर नेईन.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मला वाटत होतं काम संपलं. उद्या ३बी रिटर्नची शेवटची तारीख म्हणून जीएसटी पोर्टल उघडलं, तर ओटीपी दोन्हीकडं जातो, मोबाइल मालकांचा पण मेल कुठला? २०१९ ला सोडून गेलेल्या क्लार्कचं स्वतःचं जीमेल. सहा वर्षं आमच्या जीएसटीची पत्रं त्याला जातायत. पोरगं सज्जन म्हणून, नाहीतर काय.

मग अख्खा दिवस तेच शोधत बसलो, कुठं कुठं कुठलं मेल दिलंय. ई-वे बिल, बँकेची दोन खाती, फूड लायसन्स, पीएफ, वीजबिल, इन्शुरन्स, वजनकाट्याचं सर्टिफिकेट. १४ ठिकाणं निघाली, त्यात ५ वेगवेगळी मेलं, दोन आता अस्तित्वात नसलेली. जीएसटीला मेल बदलणं नॉन-कोअर दुरुस्तीत येतं, ऑफिसरच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही. बँकेत मात्र फॉर्म, सही, शिक्का आणि ‘साहेब जेवायला गेलेत’.

हे सगळं एका वहीत लिहिलं. काकांनी ती वही पण रोकडच्या पेटीत ठेवली.

खरं तर हीच यादी १ सप्टेंबरला करायला पाहिजे होती, सर्व्हरला हात लावायच्या आधी.

२९ नोव्हेंबर, शनिवार

खर्च लिहून ठेवतो. सर्व्हिस ४१,६३०. डोमेन पाच वर्षं ४,१००. हार्ड डिस्क ११,६००. एसएसडी ३,४००. यूपीएसची बॅटरी २,२००. कुरिअर, स्टॅम्प, झेरॉक्स ८७०. एकूण ६३,८००. माझा वेळ धरलेला नाही, मालकांनी पण धरलेला नाही.

आज जुना जीमेल बंद करायला निघालो होतो, जो डोमेनच्या पण आधी, धंदा सुरू झाला तेव्हाचा आहे. नवीनवर फॉरवर्ड लावलेलं आहे, आता कशाला ठेवायचा. मालक म्हणाले थांब आणि मला गोडाऊनला घेऊन गेले. डाळीच्या ३० किलोच्या छापील पिशव्यांचे गठ्ठे, वर तूर डाळीचं चित्र, खाली फोन नंबर, आणि त्याच्या खाली तोच जीमेल, लाल अक्षरात.

"ह्या संपस्तोवर त्याला हात लावू नको."

मोजून आलो. ६,४०० पिशव्या आहेत.